मदत हवी आहे: लाईट गेल्यावर आईचं सीपॅप गाडीवर रात्रभर चालेल का?

नमस्कार मंडळी,

आईला स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून थांबतो. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावल्याशिवाय तिला झोप मिळत नाही. मी मुंबईत असते. आई आता भावाकडे देवगडजवळ गावी राहायला जातेय. तिकडे पावसात लाईट गेली की कधी थेट सकाळीच येते. घरात इन्व्हर्टर नाही, पण भावाची गाडी खळ्यात (अंगणात) असते. तिच्यावर मशीन चालवावं असं डोक्यात आहे.

अ‍ॅडॉप्टरवर २४ व्होल्ट, ९० वॉट लिहिलंय. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवला तर प्रत्यक्षात ३० वॉटच्या आसपास घेतं, वॉटमीटर लावून बघितलं. गाडीच्या सॉकेटला १२० वॉटची मर्यादा आहे, तेव्हा तिथे प्रश्न नाही. प्रश्न बॅटरीचा आहे. व्होल्टेज बदलताना होणारी घट धरून १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर, म्हणजे आठ तासांत २४ एएच (अँपिअर-तास). गाडीची बॅटरी ३५ एएचची! सकाळी स्टार्टर फिरला नाही आणि नेमकं आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

गॅरेजवाला म्हणतो, बॅटरीवर थेट इन्व्हर्टर जोडून देतो, रात्री मधूनमधून इंजिन चालू करा. मला हे अजिबात पटत नाही. आईच्या खोलीची खिडकी खळ्यातच उघडते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळणारच नाही. शिवाय भर पावसात बोनेटखालून २३० व्होल्टची वायर घरात घ्यायची, तेही नको वाटतं.

मग वेगळी बॅटरी घ्यावी का? आणि स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर (ज्याची वीज घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसते) या मशीनला चालेल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, इंजिनाबद्दल तुमचं बरोबर आहे, ते करूच नका. गाडीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोरदार करंट द्यायला बनवलेली असते. वारंवार पार उतरवली तर लवकर बाद होते. १२ व्होल्ट १०० एएचची ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती) बॅटरी घ्या, २४ एएच म्हणजे तिचा पाव हिस्सा. ती हवेशीर जागी ठेवा, चार्जिंगच्या वेळी गॅस निघतो. स्क्वेअर वेव्ह नको. खरं तर इन्व्हर्टरच लागत नाही. तुमच्या मॉडेलचा १२ चे २४ व्होल्ट करणारा डीसी कन्व्हर्टर कंपनीकडे विचारा. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर आग तोच थांबवतो.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! भावाला आजच कळवते. मुंबईहून रात्रीच्या प्रवासात हाच कन्व्हर्टर गाडीच्या सॉकेटला लावला तर?

प्रतिसाद:
चालेल, धावत्या गाडीत अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा जनरेटर) पुरवठा करतो. फक्त स्टार्टर मारताना प्लग काढलेला ठेवा. चहाला थांबून चावी काढलीत तर बऱ्याच गाड्यांत सॉकेट बंद होतं, आई झोपलेली असेल तर तेवढं बघा.