‘वुल्फ वर्क्स’चा तिसरा अंक: चिठ्ठी आधी का?

तिसरी घंटा
वेन मॅकग्रेगर यांनी रॉयल बॅलेसाठी २०१५ साली बसवलेल्या ‘वुल्फ वर्क्स’चे, म्हणजे इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या तीन अंकी बॅलेचे, चित्रीकरण नुकतेच पाहिले. पहिल्या दोन अंकांनी गुंगवून टाकले. तिसऱ्याची सुरुवात मात्र वुल्फ यांनी पतीला लिहिलेल्या अखेरच्या चिठ्ठीच्या वाचनाने होते, आणि त्यानंतर रंगमंचावर जे घडते ते सारे त्या चिठ्ठीचेच चित्र वाटू लागते. एकेका वाक्यावर आयुष्यभर मेहनत घेतलेल्या बाईची ओळख शेवटी तिच्या आजाराने आणि मृत्यूनेच करून द्यायची, हे मला खटकले. जाणकारांना हा अंक कसा दिसला?

वाचनवेडी
खटकणे स्वाभाविक आहे, पण मागच्या पडद्याकडे पुन्हा पाहा. वुल्फ यांनी २८ मार्च १९४१ रोजी ससेक्समधल्या ऊझ नदीत जीवन संपवले. नर्तकांच्या मागे संथपणे उसळत राहतो तो मात्र समुद्र आहे. तो आला आहे ‘द वेव्हज’ या १९३१ च्या कादंबरीतून, जिच्यात सहा जणांचे आवाज बालपणापासून उतारवयापर्यंत एकमेकांत मिसळत जातात. अंकात लहान मुले येतात तीही मला तिथलीच वाटतात. अंकाचे नाव तेवढे चिठ्ठीतले आहे: माथ्यावर लिहिलेला ‘मंगळवार’. (मृत्यूचा दिवस शुक्रवार होता, हे कळल्यापासून तो एक शब्द मला उरलेल्या मजकुरापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.) चिठ्ठी आधीच वाचून टाकल्यामुळे शेवटाची उत्सुकता संपते आणि आपण नाच पाहू लागतो, असा माझा अनुभव आहे.

अर्धा ताल
मूळ प्रश्नाशी मी निम्मा सहमत आहे, कारण आजाराविषयी जे सांगायचे ते पहिल्या अंकातच अधिक चांगले सांगून झाले आहे. तिथे ‘मिसेस डॅलोवे’मधला सेप्टिमस आहे, महायुद्धातून परतलेला, कादंबरीत त्याला चिमण्या ग्रीकमध्ये गाताना ऐकू येतात. पक्ष्यांचे ते ग्रीक गाणे वुल्फ यांनी स्वतःच्या आजारपणात ऐकले होते, म्हणजे आपला भ्रम त्यांनी उचलून एका सैनिकाला देऊन टाकला. असे करायला लेखिका पुरती शुद्धीवर असावी लागते. तो अंक सुरू होतो तोही त्यांच्याच आवाजाने, १९३७ साली बीबीसीवर शब्दांविषयी केलेल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणाने. दुसऱ्या अंकातल्या लेसरने माझे फक्त डोळे दिपले, ते असो. तिसरा अंक मी पुन्हा पाहतो तो वुल्फ यांच्या भूमिकेत नाचणाऱ्या ॲलेसांद्रा फेरी यांच्यासाठी: २०१५ च्या पहिल्या प्रयोगावेळी त्या ५२ वर्षांच्या होत्या, आणि तरुण नर्तकांच्या घोळक्यात त्यांच्या हालचालीला जी सावकाशी आहे ती शिकवून येत नाही.

तिसरी घंटा
दोघांचे आभार. नदी आणि समुद्र यांतला फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. तरी शंका पुरती फिटली नाही: कादंबऱ्या वाचकांसाठी होत्या, चिठ्ठी एकाच माणसासाठी होती, आणि अभिनेत्री गिलियन अँडरसन यांनी ती कितीही संयमाने वाचली असली तरी ती भरल्या नाट्यगृहात मोठ्याने वाचली जाते. आता ‘द वेव्हज’ वाचून तो अंक पुन्हा पाहीन, चिठ्ठीपुरता आवाज बंद करून.