कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाची क्षमता वाढवतायत, महापालिकेत निवडून आलेलं सभागृह तर नाही. हिशेब कोणाकडे मागायचा?

गिरणीवाली_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या शहराचा कचरा डेपो माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर. तिथंच कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प आहे, सुरू होऊन फार वर्षं झाली नाहीत. परवा पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की प्रकल्पाच्या क्षमतावाढीला प्रशासकांनी मान्यता दिली. बस्स. वाढ किती, करार किती वर्षांचा, राख कुठं जाणार, काही नाही. शहराचं नाव लिहीत नाही, गिरणीत रोज तीच माणसं येतात.

माझी पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांपासूनची. डबा आत येताना वजन, बाहेर जाताना वजन. शंभर ग्रॅम कमी भरलं तरी बाई उभी राहून विचारते, "ताई, घट किती धरली?" मला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर उद्या ती कोपऱ्यावरच्या गिरणीत जाते. इथं रोज शेकडो टन आत जातंय आणि घट किती, ते विचारायला जागाच सापडत नाही.

या, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात सासूबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या. वरून जुनी साडी पांघरली होती. संध्याकाळी साडी झटकली तर करडी भुकटी उडाली. बोटाला चोळून बघितली, माती असते तशी खरखरीत नव्हती, ओशट होती. ती चिमणीतली की डेपोच्या गाड्यांची, हे मला सांगता येणार नाही. म्हणून तर विचारतेय.

प्रभाग कार्यालयात गेले. म्हणाले, "वरून झालंय." वर गेले तर म्हणाले, "ऑनलाइन मॉनिटरिंग आहे." गेटवर आकडे दाखवायचा फलक आहे, मी तीनदा गेले, तिन्ही वेळा बंद. आमचे जुने नगरसेवक म्हणतात, "मार्च २०२२ पासून मी नगरसेवकच नाही, मला कोण विचारतंय?"

माझा विरोध आहे असं नाही. पण आधीचा प्रकल्प कसा चाललाय हे न बघता तो वाढवायचा? नेमके कोणते कागद मागू? अर्ज लिहायची तयारी आहे, काय लिहायचं तेवढं सांगा.

बॉयलरवाले_काका

ताई, मी सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. आमचं जळण बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. त्यात निम्मं पाणी, तरी किलोला साधारण २२०० किलोकॅलरी उष्णता मिळते. तुमच्या प्रकल्पाचं जळण रोज वेगळं असतं, सगळी अडचण तिथं आहे. घनकचरा नियम २०१६ मध्ये होतं की पुन्हा वापरता न येणारा आणि किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णतेचा कचरा जमिनीत पुरू नका, त्यापासून ऊर्जा करा. आपल्या घरातला सरसकट कचरा म्हणजे भाजीची देठं, शिळा भात, शहाळी. तो तसाच टाकला तर तिथवर पोचायला धापा टाकतो. वाळवून, चाळून, माती-दगड काढून जळण करावं लागतं. पावसाळ्यात कचऱ्याचा गोळा मुठीत दाबला तर कोपरापर्यंत पाणी ओघळतं. ते जाळायचं म्हणजे आधी पाणी उकळत बसायचं.

म्हणून धुराकडे बघू नका. धूर पांढरा दिसला म्हणून स्वच्छ नसतो आणि काळा दिसला की फोटो काढून काही सिद्ध होत नाही. भट्टीचं तापमान बघा. नियमात किमान ९५० अंश आहे, आणि वायू त्या उष्णतेत निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. ओलं जळण पडलं की तापमान घसरतं. भट्टी पेटवताना आणि बंद करतानाही तेच. डायॉक्सिन, म्हणजे कचरा नीट न जळाल्यानं होणारं विष, तयार होण्याचे वेळ हेच. त्याची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे आणि ते ऑनलाइन मीटरवर दिसत नाही. धूळ, सल्फर, नायट्रोजनचे ऑक्साइड तिथं दिसतात. डायॉक्सिनला चिमणीतून नमुना काढून प्रयोगशाळेत द्यावा लागतो. म्हणून विचारा: नमुना कोणत्या तारखेला घेतला, आणि त्या दिवशी भट्टी किती भारावर चालू होती? कोरड्या मार्च महिन्यातला एक नमुना दाखवून वर्ष काढता येत नाही.

आता तुमच्या घटीचं. जाळलेल्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा तळाची राख म्हणून उरतो, आपल्याकडं मातीमुळं जास्तही. बॅग फिल्टरमध्ये अडकते ती बारीक राख वेगळी, आणि खरी विषारी तीच. दोन्हींची वजनं वेगळी मागा. तळाच्या राखेत न जळलेला भाग पाच टक्क्यांच्या आत हवा. आम्ही फावडंभर राख ओढून उन्हात पसरायचो, बगॅसचा तुकडा दिसला की फायरमनला हाक जायची. तुमच्या राखेत चपलेचा पट्टा ओळखू आला तर समजा भट्टीत कचरा घाईनं पुढं ढकललाय.

अजून एक, हे कोणी सांगणार नाही. चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन यांची खरेदी बिलं मागा. आम्ल वायूसाठी चुना, पारा आणि डायॉक्सिनसाठी कार्बन फवारतात. दोन्हीला पैसे लागतात, आणि खर्च कापायचा झाला की पहिला हात तिथं जातो. जाळलेला कचरा दुप्पट आणि कार्बन तेवढाच, असं दिसलं तर मीटरवर काही का दिसेना, पुढं विचारायला जागा आहे.

गोवंडी_७१

सगळं खरं, पण कचरा टाकायचा कुठं ते पण सांगा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा आमच्या गल्लीत समोरचं घर दिसत नव्हतं. माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची, रात्रभर तिला मांडीवर उभी धरून बसलो होतो, आडवी केली की खोकायची. त्या धुराला ना चिमणी होती ना फिल्टर. प्रकल्प अडवून बसलात तर डोंगर वाढतच राहील.

गिरणीवाली_ताई

दादा, तुमच्या मुलीचं वाचून पोटात कालवलं. आमच्याही डेपोला उन्हाळ्यात आगी लागतात, मला ते नकोच आहे. पण आगीचा धाक दाखवून हिशेबच मागू नका म्हणणार असतील तर ते मला पटत नाही. प्रकल्प चालावा, नीट चालावा, आणि तो नीट चाललाय हे आम्हाला बघता यावं, एवढंच.

माजी_सदस्या

मी एका 'ड' वर्ग महापालिकेत दोन वेळा निवडून आले, त्यात एक वर्ष स्थायी समितीत. आपल्याकडे स्थायीचे सोळा सदस्य असतात आणि मोठे करार तिथून जातात. आयत्या वेळचा विषय म्हणून शेवटी सरकवलेला प्रस्ताव मी दोनदा तहकूब करायला लावलाय, त्यामुळं सांगते: सभागृह नाही म्हणजे ठराव नाही, असं नसतं. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायीचे दोन्ही अधिकार प्रशासक वापरतात, पण ठरावाला क्रमांक असतो, तारीख असते, मागे विभागाचं विषयपत्र असतं. त्यावर लेखा विभागाचा आणि मुख्य लेखापरीक्षकांचा अभिप्राय आहे की नाही, ते पहिलं बघा.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्या' असं लिहू नका, हमखास फेटाळतात. पहिला अर्ज फक्त ठराव आणि विषयपत्राचा. दुसरा मूळ कराराचा. करारात 'किमान कचरा पुरवठा' असं कलम आहे का ते शोधा. शहराने रोज अमुक टन दिलाच पाहिजे, कमी पडला तर भरपाई, असं असेल तर क्षमतावाढीचा अर्थच बदलतो. उद्या तुम्ही ओला-सुका नीट वेगळा केलात, कागद-प्लॅस्टिक वेचणाऱ्या बायकांनी उचलून नेलं, तर प्रकल्पाला जळण कमी पडणार. म्हणजे शहर चांगलं वागलं की दंड शहरालाच. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या बायकांच्या हक्कासाठी उभी आहे. कोणतंही सुकं मटेरियल आधी त्यांच्या हातात गेलं पाहिजे, उरलं तर भट्टीत.

पर्यावरण परवानगीचंही बघा. साध्या कचऱ्यावर चालणाऱ्या १५ मेगावॅटपर्यंतच्या वीज प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखाली वीज प्रकल्प म्हणून घ्यायच्या पूर्वपरवानगीतून सूट आहे. पिंपरी-चिंचवडचा मोशीचा प्रकल्प १४ मेगावॅटचा आहे, त्यावरून अंदाज येईल. वाढ धरून तुमचा एकूण आकडा पंधराच्या पुढं जातो का, हा प्रश्न लेखी विचारा. जात असेल तर सूट संपते आणि जनसुनावणीचा विषय येतो. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, निदान तीस दिवस आधी जाहिरात, आणि पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत. सारांश न वाचता सुनावणीला जाऊ नका. तिथं भाषण करणारे पुष्कळ असतात. तुम्ही पान क्रमांक सांगून प्रश्न विचारा, इतिवृत्तात तो राहतो.

दिल्लीत ओखल्याला १६ मेगावॅटचा प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. रहिवासी त्याच्याही आधीपासून, २००९ पासून कोर्टात. हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये २५ लाखांची भरपाई लावली, पण प्रकल्प चालूच राहिला आणि पुढं ४० मेगावॅटवर न्यायचा प्रस्ताव आला. एकदा भट्टी उभी राहिली की ती हलत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितल्यात. वीस-पंचवीस वर्षं शहराला बांधणारा करार सभागृह यायच्या तोंडावर सही होऊ नये. हे प्रशासकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

हो, आणि सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख बघायला देतात. अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

उत्तर_लंडनकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता उत्तर लंडनमध्ये एडमंटनजवळ राहतो. इथल्या जुन्या भट्टीऐवजी मोठी बांधतायत, वर्षाला सात लाख टनांची. सात बरोंचे (लंडनमधल्या स्थानिक पालिकांचे) मिळून चौदा नगरसेवक एका प्राधिकरणावर बसतात. बैठकीचे कागद आधीच सगळ्यांना वाचायला मिळतात, रहिवाशाला उभं राहून बोलता येतं. मी एकदा गेलो होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "आमचा कचरा कमी होत असताना सात लाख टन आणणार कुठून?" सभा बराच वेळ त्या एका प्रश्नावर अडली. करार शेवटी जानेवारी २०२२ मध्ये झालाच. पण आजींचा प्रश्न आणि त्याला दिलेलं उत्तर दोन्ही कागदावर आहे, आणि आजही लोक तेच उत्तर पुढं ठेवून आकडे विचारतात.

गिरणीवाली_ताई

काल सोमवार होता. गिरणी दोनलाच बंद केली आणि गेले. आधी म्हणाले साहेब नाहीत. मी म्हटलं, साहेब नकोत, रजिस्टर हवंय. पावणेचारला एक मुलगा दोन फायली आणि वजनकाट्याचं रजिस्टर घेऊन आला. चांगला होता बिचारा, पंख्याखाली खुर्ची दिली.

आवक रोजची लिहिलेली, टनात, दोन दशांश स्थळांपर्यंत. तळाच्या राखेचा रकाना महिन्याला एकदा. बारीक राखेचा वेगळा रकानाच नाही. आणि गेल्या वर्षीचे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने राखेसमोर आडवी रेघ. कचरा रोज आत गेलाय, राख काहीच नाही. मी त्या मुलाला विचारलं, पावसाळ्यात भट्टी बंद होती का? तो म्हणाला, "नाही, चालू होती, वीज बनून बाहेर दिली ना त्या महिन्यांत, युनिट लिहिलेत बघा." त्याने स्वतःच बोट ठेवलं, मग दोघंही गप्प झालो.

तेरा पानांच्या प्रती घेतल्या, पानाला दोन रुपये. ठराव आणि विषयपत्राचा अर्ज पण दिला, पोच घेतली. प्रशासकांना द्यायचं पत्र आज लिहितेय, सोबत त्या तीन महिन्यांचं पान जोडणार. मेगावॅटचा आकडा अजून कोणी सांगत नाही, तो दुसऱ्या अर्जात.

काका, पुढच्या सोमवारी चुन्याची आणि कार्बनची बिलं मागितलीत. बिलावर पोती लिहिलेली असतात की किलो? आणि टनाला साधारण किती लागतं, ते माझ्या वहीत लिहून नेऊ का?