मुंगीच्या मेंदूत बुरशी शिरत नाही हो!

उंबरफूल: परवा इथे कुणीतरी टाकलं, "बुरशी मुंगीच्या मेंदूत शिरते आणि रिमोटने चालवते." खाली सगळ्यांचं वा वा! २०१७ साली ओफिओकॉर्डिसेप्स या बुरशीची लागण झालेल्या सुतार मुंग्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. बुरशीच्या पेशी डोक्यात, पोटात, पायांत. स्नायूंभोवती तर जाळंच. मेंदू मात्र शाबूत.

कडूकारले: बरं मग? मुंगी वारूळ सोडते, झुडपावर चढते, पानाच्या शिरेला चावून तिथेच मरते आणि डोक्यातून बुरशीचा देठ फुटतो. कळसूत्री बाहुली नाचवायला तिच्या डोक्यात हात घालावा लागतो का?

उंबरफूल: बुरशीची रसायनं मेंदूपर्यंत पोचत असतील, मी कुठे नाही म्हटलं? 'शिरते' म्हणू नका, एवढंच.

शब्दवेडा: त्याआधी अशा मुंगीला 'झॉम्बी मुंगी' म्हणणं बंद करा. 'झपाटलेली' म्हणायला लाज वाटते?

कडूकारले: आले भाषेचे फौजदार. झपाटायला भूत लागतं.

शब्दवेडा: आणि झॉम्बी काय संत असतो? शिवाय 'बाधा' आहेच. भूतबाधा, विषबाधा, बुरशीबाधा. एका शब्दात रोगही आला, झपाटणंही.

कडूकारले: हं. हा बरा आहे. रोज रोज सुचत नसणार.

पावसाळी: भांडून झालं असेल तर ऐका. आमच्या खिडकीच्या काचेवर एक माशी बसलेली. हाकलली, हलेना. पंख वर उचललेले, सोंड काचेला चिकटलेली, पोटावर पांढरे पट्टे आणि भोवती पिठाचं कडं. ते पीठ म्हणजे बीजाणू. मी फडक्याने पुसलं आणि मग वाचत बसले. बुरशीचं नाव एन्टोमॉफ्थोरा. बाधा झालेली माशी (शब्द घेतला हो, शब्दवेडा) सूर्यास्ताच्या सुमारास उंच चढून मरते. आणि उंबरफूल, ही बुरशी मेंदूत शिरते! चढत्या माशीचं रक्तद्रव निरोगी माशीला टोचलं, तर तीही जास्त धावायला लागली.

उंबरफूल: धागा मुंगीचा आहे.

कडूकारले: 'चुकलो' म्हणायला काय जातं?

उंबरफूल: माशीपुरती माघार. पण टोचलं ते रक्तद्रवच ना? म्हणजे रसायनाचाच खेळ, माझंच म्हणणं.

कडूकारले: पडलो तरी नाक वर!

शब्दवेडा: 'बीजाणू' लिहिल्याबद्दल पावसाळी यांचे आभार. स्पोअर वाचायची तयारी ठेवली होती.