छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं: काढायचं की राहू द्यायचं?

चौकट:
स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं धरलंय. पहिल्यांदा दिसलं तेव्हा एकच माशी होती आणि बारीक देठाला लटकलेली पाच-सहा घरं. आता तळहाताएवढं झालंय, वर वीसेक माश्या. मुलगी चार वर्षांची आहे, आणि सासूबाई रोज त्याच खिडकीखालच्या कुंड्यांना पाणी घालतात. शेजारी म्हणतात, "त्या काही करत नाहीत." मला हे पटत नाही. मधमाशीची नांगी काटेरी, ती आपल्या कातडीत रुतून बसते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. जिथे माणसांचा वावर आहे तिथे पोळं नकोच, असं माझं ठाम मत आहे.

रानवाट:
मी अजिबात सहमत नाही. आमच्या जिन्याच्या वळणावर, डोक्यापासून दोन हातांवर, कितीतरी महिने पोळं होतं. आम्ही रोज त्याखालून गेलो, एकदाही कुणाला डसली नाही. फाटकाच्या जुन्या लाकडावर एक माशी उलटी सरकताना दिसायची, कान जवळ नेला की करकर ऐकू यायची. लाकूड खरवडून, लाळेत मळून त्याचा ती कागद करते. कुंडीतल्या पानांवरची अळी उचलून, चावून तिचा गोळा पोळ्यातल्या पिल्लांना भरवते. ती नसती तर मी औषध फवारत बसले असते. कीटकांचे अभ्यासक राघवेंद्र गदगकरांनी 'रोपालिडिया मार्जिनाटा' या गांधीलमाशीवर कित्येक दशकं काम केलं. एकेक माशी ओळखू यावी म्हणून तिच्यावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि पोळ्याजवळ बसून नोंदी करायच्या. धक्का बसला नाही, तर त्या स्वतःहून अंगावर येत नाहीत.

चौकट:
ते अभ्यासक, त्यांना कुठे थांबायचं ते कळतं. माझी मुलगी चेंडू फेकते हो.

सांजवेळ:
रानवाट, तुमच्याकडे कुणाला काही झालं नाही हे चांगलंच, पण त्यावर दुसऱ्याचं घर चालवू नका. माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्यांदा डसली तेव्हा फक्त हात सुजला. पुढच्या वेळी दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, बोलता येईना. अॅड्रेनलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून ती आज आहे. आपल्या घरात तसं कोण आहे हे आधी कळत नाही. विषाची परीक्षा कशाला?

कुदळफावडं:
काढायचं की नाही हे नंतर, आधी ती कोण आहे ते बघा. मातीचं मडक्यासारखं घर असेल तर ती कुंभारमाशी. एकटी राहते, राखण करत नाही, सहसा डसतही नाही. लोक तिचंही घर उगाच फोडतात. चौकट यांचं वर्णन मात्र कागदी पोळ्याचंच आहे, आणि रोज उघडायच्या खिडकीवरचं पोळं मीही काढलंच असतं. पण रॉकेल ओतून पेटवू नका, शिडीवर चढून काठीने पाडू नका. खवळलेल्या माश्यांपासून शिडीवर पळायला जागा नसते. अंधार पडल्यावर बहुतेक सगळ्या पोळ्यावर परततात, काम तेव्हाच करायचं. हातात टॉर्च धरू नका, त्या उजेडाकडे येतात.

रानवाट:
सांजवेळ, बहिणीचं वाचून अंगावर काटा आला. अशा घरात पोळं नको, मान्य. पण त्या एका भीतीने गावाबाहेरच्या झाडावरचं, वापरात नसलेल्या भिंतीवरचं पोळंही लोक जाळतात. चौकट, कुंड्या दुसरीकडे हलवून, खिडकीला जाळी लावून बघता येणार नाही का?

चौकट:
कुंड्या कालच हलवल्या. जाळी लावायला त्याच पोळ्याच्या वीतभर खाली हात घालावा लागतो. कीटक काढणारा माणूस उद्या अंधार पडल्यावर येतोय.

रानवाट:
मला वाईट वाटतंय, तरी सांगते. पोळं पडल्यावर देठाची जागा खरवडून धुवायला सांगा. बाहेर राहिलेल्या माश्या एक-दोन दिवस त्याच जागी घिरट्या घालतात, तोवर खिडकी बंद ठेवा आणि मुलीला तिथे जाऊ देऊ नका.