मदत हवी आहे: पेशंट सगळ्यालाच "बरं हाय" म्हणतात, मग त्रास मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी, मी लातूरकडची, एमएस्सी नर्सिंगचं दुसरं वर्ष, थेसिससाठी कॅन्सर वॉर्डात पेशंटचे फॉर्म भरून घ्यायलेय. एक फॉर्म ईसॅस, 1991 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये तयार झालेला, त्यात दुखणं, थकवा, मळमळ, भूक, धाप, चिंता अशा एकेका त्रासाला 0 ते 10 आकडा द्यायचा, 0 म्हणजे त्रास नाही, 10 म्हणजे सगळ्यात जास्त त्रास. दुसरा ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेचा इनपॅटसॅट32, डॉक्टर, नर्स, हॉस्पिटल कसं वाटलं त्याचे 32 प्रश्न.

दुसऱ्या फॉर्मवर झाडून सगळे "लई चांगलं" म्हणतात. परवा एक मावशी, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, शेक (रेडिएशन) चालू, प्रत्येक प्रश्नाला "चांगलं हाय बाई" म्हणत होत्या आणि पदराचा बोळा मुठीत आवळून धरलेला, कूस बदलताना तर श्वासच अडकला. फॉर्म संपल्यावर हळूच विचारलं, "ह्ये कागद डॉक्टरसायबाकडं जातंय का? योजनेतून नाव तर काढणार न्हाईत ना?" मी कितीही सांगितलं की नाव लिहीत नाही, तरी माझ्या अंगावर त्याच वॉर्डाचा युनिफॉर्म, मग त्यांनी विश्वास कसा ठेवावा. बरं, सगळंच खोटं असतं असंही नाही, दुखत असूनही रात्रपाळीच्या सिस्टरनं पाठीवर हात फिरवला म्हणून मनापासून चांगलं म्हणणारे पण आहेत. त्रास आणि समाधान वेगवेगळं मोजायचं ते त्यासाठीच, पण हे कोणतं "चांगलं" ते कागदावर कळत नाही.

0 ते 10 ची तर वेगळीच अडचण झाली. एका काकांनी दुखण्याला 2 दिले, चेहरा बघून मी परत विचारलं तर म्हणाले, "मार्क द्यायचे ना? मग लईच वाईट हाय म्हणून दोनच दिले." म्हणजे त्यांच्या हिशोबात 10 म्हणजे पहिला नंबर! आधीच्या फॉर्ममधे असे किती आकडे उलटे पडले असतील या विचारानं मला झोप नाही. मग सुचलं म्हणून विचारलं, काका सोळा आण्यात किती आणे दुखतं? तर क्षणात उत्तर, "रातच्याला बारा आणे, गोळी घेतली की चार आणे, पण गोळी काय पहाटपतूर पुरत न्हाई." शेतकरी माणूस, आयुष्यभर पिकाची आणेवारी ऐकलेली, 50 पैशाच्या खाली गेली की दुष्काळ धरायचे हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मी लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगितलं आणि डॉक्टरांनी रात्रीची गोळी बदलून दिली. 0 ते 10 च्या आकड्यावरच थांबले असते तर हे कळलंच नसतं.

गाईड मॅडम म्हणतात फॉर्मचा एक शब्दही बदलायचा नाही, नाहीतर दुसऱ्या अभ्यासाशी तुलना होणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण चुकीचा आकडा घेऊन तुलना करून तरी काय करू? अमेरिकेत 766 पेशंटवरचा अभ्यास 2017 ला छापून आला, जे पेशंट आपला त्रास स्वतः नियमित कळवत होते ते बाकीच्यांपेक्षा मध्यकाच्या (मीडियनच्या) हिशोबानं 5 महिने जास्त जगले, इतकं हे विचारणं मोलाचं आहे.

तर ज्यांनी गावाकडच्या पेशंटचे असे फॉर्म भरलेत त्यांनी प्लीज सांगा. मूळ प्रश्न तसाच ठेवून आधी आण्यांनी समजावून घ्यायचं आणि मग 0 ते 10 विचारायचं, हे चालतं का? समाधानाचा फॉर्म युनिफॉर्म न घालता, किंवा हॉस्पिटलातून सुट्टी झाल्यावर घरी फोन करून विचारला तर लोक मोकळं बोलतात का? आणि लेक-सून शेजारी बसून पेशंटच्या ऐवजी तेच उत्तर देतात तेव्हा त्यांना न दुखावता बाहेर कसं पाठवायचं?

एडिट: दोघांनी फोनचं सुचवलं, धन्यवाद. पण बऱ्याच मावश्यांकडं स्वतःचा फोनच नाही, फोन लेकाच्या खिशात. त्यावर काही मार्ग असेल तर सांगा, सोमवारपासून नवीन पेशंट घ्यायचेत.