मदत हवी आहे : काँक्रीट पंपाची लाईन जाम होण्याआधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. हिंजवडीच्या साइटवर काँक्रीट पंपावर हेल्पर आहे, आता ऑपरेटरचं काम शिकतोय. परवा उस्ताद सुट्टीवर, पंप माझ्या हातात, आणि ऐन स्लॅबला १२५ एमएमची लाईन (काँक्रीट नेणारा पाइप) जाम! सकाळी लाईन आतून ओली व्हावी म्हणून सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) मारली होती. पण दुपारी ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट आणणारी गाडी) ट्रॅफिकमध्ये अडकला नि माल घट्ट आला. प्रेशरचा काटा चढला, दोन-तीनदा रिव्हर्स मारलं, एल्बोत (पाइपच्या वळणात) अडकलेला माल काही सुटेना. हातोडीने वाजवलं तर तिथेच ठस्स आवाज. क्लॅम्प खोलण्याआधी प्रेशर उतरवलं, तेवढं बरं सुचलं. सुपरवायझर म्हणतो, हॉपरमध्ये (पंपात माल ओततात त्या टाकीत) पाणी ओतायचं होतंस. मला नाही पटत, स्लॅबची ताकदच जाईल. जाणकारांनो, माल घट्ट आहे हे हॉपरमध्येच कसं ओळखता? आणि पुढची गाडी उशिरा असेल तर लाईनमधला माल हलता ठेवायला मध्ये किती मिनिटांनी पंपाचे स्ट्रोक मारता?