१०० सीसी गाडी वाऱ्यात ६५ च्या पुढं जात नाही: चाळकेवाडीच्या रस्त्यासाठी काय करावं?

ठोसेघर_फाटा:
गाडी स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, २०१८ची कार्बोरेटरवाली, ३८,००० किमी. रस्ता सातारा–सज्जनगड फाटा–ठोसेघर–चाळकेवाडी (पवनचक्क्यांचं पठार), जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून तीनदा. खाली सपाटीला मीटरवर ९० पडतात. पठारावर समोरून वारा आला की चौथ्या गिअरमध्ये रेस पूर्ण पिळूनही काटा ६५ ला अडकतो. आडव्या वाऱ्यात तर गाडी हातभर सरकते. वजन ७५ किलो, मागे डिकी बसवलेली आहे.
१) गाडीत दोष आहे का? २) गॅरेजवाला चेनची पुढची चक्री (स्प्रॉकेट) १४ ऐवजी १५ दातांची टाकू म्हणतोय. टाकू का? ३) १२५ किंवा १५० घेतली तर फरक पडेल का?

तिसरा_गिअर:
दोष असेलच असं नाही, आकडे बघा. ताठ बसलेला चालक आणि साधी गाडी धरून ताशी ६० ने जायला वारा नसताना चाकाशी साधारण ३ एचपी लागते. समोरून ३० चा वारा असेल तर त्याच ६० ला पावणेसहा लागते, म्हणजे जवळपास दुप्पट. ७० ला आठच्या पुढं. तुमच्या इंजिनाची कागदावरची ताकद ८ आहे, चेन-गिअरमधून चाकापर्यंत पोचते ती सातच्या आसपास. म्हणजे खरा वेग ६५ च्या आगेमागे संपणारच. मीटर ४-५ जास्त दाखवतं हेही धरा. मोबाइलच्या जीपीएसवर एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही वेग घ्या, वाऱ्याच्या दिवशी एका बाजूचा आकडा काही सांगत नाही.

याच हिशोबाने ३० च्या वाऱ्यात १२५ (साडेदहा एचपी) ७४ पर्यंत आणि १५० (१४ एचपी) ८३ पर्यंत जाते. पावणेदोन पट ताकदीला जेमतेम १७-१८ किमी वाढतात. तेवढ्यासाठी गाडी बदलायची का, ते तुम्ही ठरवा. कोपरं आत घेऊन टाकीवर वाकलात तर ५-६ किमी फुकटात मिळतात. डिकी काढलीत तर आणखी थोडे, आणि आडव्या वाऱ्यातला त्रासही कमी होतो. ती मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर असते. वारा तिला धरून गाडीचं शेपूट ढकलतो.

१५ ची चक्री अजिबात नको. तिने चाकाची ओढ ७ टक्के कमी होते. चौथा आत्ताच ओढत नाही, मग तर तिसऱ्याशिवाय चालणार नाही. वाऱ्यात चौथ्यात इंजिन घुसमटून आवाज जड झाला की लगेच तिसरा टाका. ५०-६० ला तिसऱ्यात इंजिन मोकळं फिरतं, चौथ्यात रडतं. चक्री बदलायचीच तर उलट १३ ची. चढाला आणि वाऱ्याला बरी, पण हायवेवर इंजिन सतत ओरडेल.

आणि उंचीचं खापर फोडू नका. हजार मीटरवर ताकद साधारण १० टक्के कमी होते, पण हवाही तितकीच विरळ असल्याने सपाटीवर टॉप फारसा बदलत नाही. चढावर मात्र नक्की जाणवतं.

कराडी_पाना:
हिशोब बरोबर, तरी ३८,००० किमीला हे तपासल्याशिवाय निकाल देऊ नका:

मेन स्टँडला लावून मागचं चाक हाताने फिरवा. ढकललं की दोन-तीन फेरे आरामात घेतलं पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ड्रम ब्रेक घासतोय. मागच्या पॅडलला २०-३० मिमी मोकळी चाल ठेवा. चेनची ढील मधोमध २५-३० मिमी, पण चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. चाक फिरवत जिथे सर्वात ताठ लागते तिथे मोजा. ढिल्या जागी मोजून ताणलीत तर बेअरिंग जातं.

क्लच: सपाटीला चौथ्यात ४० वर जाऊन एकदम पूर्ण पिळा. आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर प्लेटा गेल्या. पावसाळ्यात एअर फिल्टर ओला राहतो, तो हाताने पिळून परत बसवायचा नसतो. प्लगचं टोक काळं-कोरडं असेल तर मिश्रण जास्त, विटकरी असेल तर ठीक.

गाडी "हातभर सरकते" यात वाऱ्याचा वाटा किती आणि ढिल्या सांध्यांचा किती, तेही बघा. पुढचं चाक अधर करून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बॉल रेसर (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) गेले. मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमट्यात (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये) खटखट आली तर बुश बदला. टायरमध्ये हवा सिंगल सीटला पुढे २५, मागे २८. पुढे कमी हवा असली की वाऱ्यात हँडल डगमगतं.

पवनचक्की_खालून:
वाऱ्यात हळू गेलं की जास्त हलते. ७०-७५ ला काढा, गाडी आपोआप स्थिर राहते.

तिसरा_गिअर:
अर्धं खरं. २० च्या खाली चाकांचा आधार कमी होतो, तिथे डुगडुगतेच. पण ७० ला झोत लागल्यापासून हात वळेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १९ मीटर पुढे गेलेली असते, ४५ ला साडेबारा. शिवाय वेग वाढवला की आडवा धक्काही वाढतो. पठारावर ४०-५०, तिसऱ्यात, हीच मर्यादा.

सडावाघापूर_घाटमाथा:
आडव्या वाऱ्याबद्दल. तुम्ही ६० ला आणि वारा बरोबर बाजूने ४० चा, तर अंगावर येतो तो ७२ चा, तिरका, समोरून साधारण ३४ अंशांवर. एकसारखा असेल तर गाडी ४-५ अंश वाऱ्याकडे कलून चालते, त्यात धोका नाही. धोका वारा अचानक तुटतो तेव्हा. डोंगर कापलेली भिंत, घर, उभा ट्रक, यांच्या आड गेलात की कललेली गाडी वाऱ्याच्याच बाजूला पडू पाहते, आणि बाहेर येताच उलटा फटका. म्हणून आड जाण्याआधीच रेस कमी करा, आडोशातून बाहेर पडताना पिळलेली नको.

हातात हँडल घट्ट धरू नका. गुडघ्यांनी टाकी दाबा, कोपरं सैल. वारा डावीकडून असेल तर डावी मूठ हलकेच पुढे ढकला, गाडी डावीकडे कलते. ताठरलेल्या हातांनी झोताचा प्रत्येक धक्का थेट हँडलात जातो.

तुमच्या रस्त्याला पावसाळी वारा पश्चिमेकडून. चाळकेवाडीकडे जाताना तो बहुतेक उजवीकडून, कडेच्या गटाराकडे ढकलतो: आपल्या लेनच्या मध्यापेक्षा थोडं उजवीकडे राहा. येताना डावीकडून, म्हणजे समोरच्या गाडीच्या अंगावर: डावीकडे राहा. वळणावळणाला अंदाज बदलतो, त्यासाठी पवनचक्क्या बघा. चालू पवनचक्कीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. रस्त्याच्या समोर दिसणाऱ्या पवनचक्कीची पाती पूर्ण गोल दिसली तर वारा तुमच्या पाठीमागून किंवा अगदी समोरून, पाती आडवी चिरल्यासारखी दिसली तर वारा आडवा. धुक्यात त्या दिसत नाहीत, तेव्हा कडेचं गवत.

समोरून एसटी आली की आधी डावीकडे ढकलते, मागचा भाग जाताना आत ओढते. दोन्ही धक्के एका सेकंदात. त्या वेळी हँडलशी भांडू नका, फक्त आधीच अर्धा मीटर जागा सोडून ठेवा.

हवामान खात्याने सोसाट्याचा वारा ताशी ४०-५० किमी सांगितला असेल तर १०० सीसीवर हे पठार टाळा. तारा शिट्टी मारतात आणि छत्री सांभाळणं कठीण जातं, तो साधारण तेवढाच वारा.

ठोसेघर_फाटा:
धन्यवाद. १५ ची चक्री रद्द, डिकी काढतो. रेनकोट पोंचोसारखा आहे, चालेल का? कधी कधी डबलसीटही असतं.

सडावाघापूर_घाटमाथा:
पोंचो नको. ते शिडासारखं फुगतं आणि मागच्या चाकात जाऊ शकतं. दोन तुकड्यांचा रेनकोट, मनगट-घोट्याला पट्टीचा. लेगगार्डला रेक्झिनचं कव्हर असेल तर तेही काढा. डबलसीटला वजन वाढून गाडी कमी ढकलली जाते, पण पुढचं चाक हलकं होतं. मागच्याला सरकून पुढे बसवा आणि मागच्या टायरची हवा स्टिकरवर डबलसीटला लिहिली आहे तेवढी करा. ओढणी, पदर आत खोचलेले.

कराडी_पाना:
एक राहिलं, गाडी लावताना. साइड स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे वारा उजवीकडून येईल अशी उभी करा. डावीकडून आला तर तो गाडीला स्टँडवरून उचलून उजवीकडे पाडतो. पहिला गिअर टाकून ठेवा. चिखल असेल तर स्टँडखाली चपटा दगड. मेन स्टँड पठारावर वापरू नका, त्यावर गाडी उंच उभी राहते आणि आडव्या झोताला लवकर पडते.